तिसऱ्या मजल्यावरील ढेकूणशाहीचा बीमोड

स्वस्ति. जे रक्त देतात त्यांचे नाव होते आणि जे रक्त पितात त्यांची बखर होते, ही जगाची जुनी रीत. म्हणोन तिसरा मजला, उजवीकडील दार, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर व एक गॅलरी एवढ्या मुलखावर ढेकूण नामे गनिमाने दीड महिना अंमल बसविला, आणि मुलखाच्या धन्यांनी त्याचे पारिपत्य कोणे रीतीने केले, ते साद्यंत, पदरचे काही न घालता व लाजेखातर काही न गाळता, येथे लिहिले असे. वाचता वाचता वाचणाराचे अंग खाजू लागल्यास दोष बखरकाराकडे नाही.

ऐशास, त्या मुलखात पाच असामी नांदत होत्या. पैकी बाबा, बसगाडीचे कंडक्टर, ज्यांच्या एका घंटीने भरलेली बस जागची हलते परंतु घरात कोणी इंचभर हलत नाही. आई, शिवणयंत्राच्या अधिपती, ज्यांच्या नजरेतून उसवलेला एक टाका सुटत नाही. आजी, ज्यांस सर्व आठवते, विशेषतः जे इतरांस विसरावयाचे असते ते. दादा, महाविद्यालयात दाखल, दाढीच्या प्रतीक्षेत दिवसातून सहा वेळा आरशाकडे स्वारी करणारे. आणि पाचवी असामी ती धाकटी कन्या, जिच्या कारकिर्दीत हे सर्व घडले.

या धाकट्या बाईसाहेबांस घरात पूर्वी गोगलगाय हा किताब होता, कारण पाहुणा दारात आला की त्या शिंगे आत ओढून पडद्यामागे अंतर्धान पावत, आणि वर्गात हजेरी द्यावयाची तर बाईंस दोनदा विचारावे लागे की पोरगी आहे की गेली. परंतु नववीचे वर्ष लागले आणि कोणता वारा अंगात शिरला कळेना, नाटकाची निवड चालली असता बाईसाहेब आपण होऊन उठल्या आणि राणीचे भाषण ऐसे ठोकले की शेजारच्या वर्गावरील बाई "काय झालं, कुणाला लागलं का?" करीत धावत आल्या. त्याच दिवशी जुना किताब खालसा होऊन ठिणगी हा नवा किताब जारी जाहला आणि राणीची भूमिका बहाल जाहली. पुढे बातमी आली की समारंभाच्या आधीच्या रविवारी शाळेच्या सभागृहास रंग देणे चालणार, तेव्हा रंगीत तालीम करावी कोठे? सर्व मंडळी आपापल्या चपलांकडे पाहू लागली, तोच ठिणगीबाईंचा हात वर गेला.

"आमच्याकडे करू की! सगळ्या या आमच्या घरी!"

आजवर ज्या मुलीने एक मैत्रीण घरी बोलाविली नव्हती तिने एका दमात अकरा बोलाविल्या. त्या रविवारास आठ आठवडे अवकाश होता. ठिणगीबाईंची मनोमन खूणगाठ ऐसी की हा रविवार पार पडला तर किताब कायम. आणि फिसकटला तर पुन्हा शिंगे आत, पडदा, आणि गोगलगायीची जन्माची वतनदारी.

आता घात कैसा जाहला ते ऐका. नाटकात राणी, राणीस दरबार, दरबारास सिंहासन पाहिजे. आणि नेमके त्याच हप्त्यात पहिल्या मजल्यावरील भाडेकरू बिऱ्हाड हलविते जाहले आणि जिन्याखाली एक खुर्ची टाकून गेले. खुर्ची म्हणजे काय वर्णावी! लाल मखमल, हातांस पितळी खिळ्यांची रांग, आणि बसले असता खालून फुस्स ऐसा राजेशाही सुस्कारा. ठिणगीबाईंनी ती पाहिली, मन गेले, आणि दादांस अर्धे चॉकलेट लाच देऊन, वाटेत दोन मुक्काम करून, तीन मजले चढवून ती आतल्या खोलीत पलंगाशेजारी दाखल केली. आजींनी चष्मा वर करून खुर्चीची चौकशी मांडली.

"कुणाचं उष्टं सिंहासन उचलून आणलंस गं?"

"आजी, फुकट मिळालंय!"

"तेच म्हणते. फुकटचं कुणी उगाच सोडून जात नाही."

परंतु तरुण रक्तास म्हाताऱ्यांचा सल्ला आणि पावसात गॉगल, दोन्ही सारखेच. आणि तरुण रक्ताचीच वाट पाहत गनीम त्या मखमलीच्या शिवणीत फौजफाट्यानिशी दबा धरून बसला होता; अंगाने सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तपकिरी, पंख नाहीत, उडी नाही, घाई तर मुळीच नाही. मग तो खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून गादीच्या काठात, ऐसा दरकूच पसरला.

पुढील तीन आठवड्यांत पाचही असामींच्या अंगावर लाल गांधी उठल्या, तीन-तीन, एका ओळीत, जणू कोणी मोजून ठेविल्या. परंतु या घराण्याची एक चाल ऐसी की आपली खाज आपण सांगावयाची नाही. बाबा म्हणाले उष्णता. आजी म्हणाल्या नवा साबण. दादांनी मुरुमे म्हणोन मलम लाविले आणि मनात खूष जाहले की दाढीपूर्वीची चिन्हे उमटली. आई काही न बोलता दोन टाक्यांमध्ये एकदा खाजवीत. आणि जो तो, आपली जागाच वाईट ऐसा तर्क करून, आपली उशी काखेत मारून, कोणास न कळविता दुसरीकडे निजावयास जाऊ लागला. सकाळी उठोन पाहावे तो आजी बाहेरच्या खोलीत दादांच्या गादीवर, दादा स्वयंपाकघरात ओट्याखाली, बाबा गॅलरीत, आई शिवणयंत्राशेजारी चटईवर, आणि पलंग मोकळा! प्रत्येकाने विचारावे, तुम्ही इथे कसे? प्रत्येकाने सांगावे, इथे वारा चांगला. या रीतीने उशांच्या पालखीत बसवून, वाजतगाजत नाही एवढेच, या मंडळींनी गनिमास आपल्याच हातांनी दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी फिरवून दाखविली. जे फौजेस वर्षात साधले नसते ते एका घराच्या संकोचाने पंधरवड्यात साधिले.

शेवटी चौथ्या रविवारी भर दुपारी आईंनी चादर बदलावयास काढिली आणि त्यांची नजर गादीच्या शिवणीवर गेली. शिवण म्हणजे आईंचा खास प्रांत. तेथे पेनातून शाई ठिबकावी तैसे काळे ठिपके पाहून त्यांनी सुई घातली, आणि सुईच्या टोकावर गनिमाचा एक शिपाई जिवंत धरून बाहेरच्या खोलीत आणिला. आजींनी नाक पुढे केले, एकदा हुंगले, आणि निकाल दिला.

"ढेकूण."

मग दिवाणखान्यात खलबत बसले आणि बाबांनी घसा खाकरून कबुली दिली की बसच्या सीटवर बसणे होते, विजारीस चिकटून आपणच आणिले असावेत. दादा म्हणाले, नाही, सहलीची माझी सॅक. आई म्हणाल्या, गिऱ्हाइकांचे कपडे येतात, दोष माझा. आजींस हे सोसवेना.

"गप्प बसा रे! ही माझ्या बहिणीकडची उशी. ढेकूण माझेच आहेत."

"अहो आई, तुमचे कसे? माझे आहेत," सूनबाईंनी दावा लाविला.

"मोठ्यांच्या तोंडी लागू नकोस!"

ऐसी मालकी हक्काची झोंबाझोंबी चालली असता एकच असामी मुकाट होती. ठिणगीबाई हळूच आतल्या खोलीत गेल्या आणि सिंहासनाच्या हातावरील एका पितळी खिळ्याखाली नख घातले. तो खाली अवघी राजधानी! मोठे, लहान, अंड्यांची पांढरी रांगोळी. बाईसाहेबांनी खिळा जागच्या जागी दाबिला, बाहेर आल्या आणि काही बोलल्या नाहीत. शिंगे आत गेली ती गेलीच.

दुसरे दिवशी बाबांनी फवाऱ्याचा डबा आणिला, नाकास रुमाल बांधिला, आतल्या खोलीचे दार लाविले आणि ऐसा मारा केला की भिंतीवरची पाल बिऱ्हाड बदलून गेली. आत धूर, बाहेर खोकला, आणि गनीम? तो भिंतीच्या फटीतून शिस्तीने निघोन बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या पोटात मुक्कामास आला. बाबा मात्र दार उघडून "संपले!" ऐसे जाहीर करून सोफ्यावर आडवे जाहले, आणि तासाभरात मांडी चोळीत उभे जाहले. ती मोहीम अशी बुडाली.

बाबांची ती चोळलेली मांडी पाहून ठिणगीबाईंचे काळीज पाघळले आणि त्यांनी रडत रडत खिळ्याखालची हकीकत सांगितली. कोणी रागे भरले नाही. दादा म्हणाले, अर्धे चॉकलेट मी खाल्ले, तेव्हा अर्धा गुन्हा माझा. परंतु बाबांनी हुकूम केला की खुर्ची संध्याकाळी गुपचूप खाली नेऊन कचऱ्याच्या पेट्यांशेजारी ठेवावी, आणि या कानाची खबर त्या कानास नसावी, कारण गल्लीत बोभाटा जाहला तर आईंकडे कपडे टाकावयास कोण येणार, आणि तालमीस तरी कोणती आई आपली मुलगी धाडणार? ठिणगीबाईंस हे पटले, पटावयाचेच होते. बहीणभावांनी सिंहासन चादरीत गुंडाळून खाली पोहोचविले आणि चादर तेवढी घेऊन परत आले. ही त्यांची दुसरी चूक, कारण उघडी मखमल उतरत्या उन्हात ऐसी चमकली की जणू दुकानातून आत्ताच आली.

बाईसाहेब गॅलरीत उभ्या राहिल्या. खाली गल्ली फुललेली. समोर लाँड्रीच्या फळीवर लंबू, म्हणजे नाटकातील सेनापती आणि लाँड्रीवाल्या काकूंची कन्या, टॉवेलांच्या घड्या घालीत होती. आणि तिच्याजवळ उभी राहून चष्मेवाली, म्हणजे नाटकातील प्रधान, मोठ्याने संवाद पाठ करीत होती. इतक्यात एक बाई आली, कडेवर एक मूल, बोटाशी दुसरे, मागे हातगाडी ओढणारा नवरा. तिने खुर्ची पाहिली.

"अहो, बघा तरी केवढी छान! टाकून दिलीय का हो कुणी?"

नवऱ्याने हातगाडी वळविली. बोटाशीचे पोर चढून सिंहासनावर बसले, फुस्स आवाज जाहला, पोर हसले आणि पुन्हा बसले.

ठिणगीबाईंच्या मनात दोन फौजा भिडल्या. एक म्हणे, गप्प बैस, पाच मिनिटांत खुर्ची गल्लीबाहेर जाईल, कोणास काही कळणार नाही, तुझा रविवार वाचेल. दुसरीने केवळ त्या पोराच्या उघड्या पायांकडे बोट दाखविले. मग ज्या आवाजाने शेजारचा वर्ग गोळा जाहला होता तोच आवाज, कठड्यावरून ओणवे होऊन, बाईसाहेबांनी सोडिला.

"ओ मावशी! बाळाला उठवा आधी! ती खुर्ची नेऊ नका, ढेकूण आहेत तिच्यात! आमच्याच घरातले आहेत! तिसरा मजला!"

गल्लीतील सायकली थांबल्या. चष्मेवालीचा संवाद अर्ध्या वाक्यात लटकला. मागून बाबा कळवळून म्हणाले, "अगं, मजला कशाला सांगितलास!"

त्या बाईने पोरास ऐसे उचलले की त्याची चप्पल सिंहासनावर राहिली. मग मुलाचे कपडे झटकून वर पाहिले आणि हात जोडिले. बाकी गल्ली मात्र वर पाहतच राहिली, आणि ठिणगीबाईंचे दोन्ही कान लाल होऊन ऐसे तापले की त्यावर इस्त्री झाली असती. चष्मेवालीने वही छातीशी धरिली, तीन पावले मागे सरली आणि स्पष्ट शब्दांत कळविले, "मी नाही हं येणार तालमीला!"

"वाटलं तर ये!" वरून जबाब गेला. "तोपर्यंत एक जरी सापडला, तर मीच तालीम रद्द करीन!"

बोलून गेल्यावर बाईसाहेब आत वळल्या. तो दारावर थाप. दारात लंबू, आणि मागे लाँड्रीवाल्या काकू, हातात वाफेचे यंत्र, कमरेस पदर.

"फवारा मारलात ना?" काकूंनी आत येता येता विचारले. "वास येतोय. एका खोलीत मारलात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपलात, हो ना?"

बाबांनी भरल्या बसमध्ये तिकीट हरवलेल्या उतारूचा चेहरा केला.

"शाबास. पाहुण्यांना अख्खं घर दाखवून झालं. अहो, अशी घरं आमच्याकडे महिन्याला दोन येतात. मागच्या दारानं येतात, तोंड लपवून, सगळं पसरून झाल्यावर. हे पहिलंच घर गॅलरीतून आलं."

मग काकूंस त्या मुलखाची सुभेदारी देण्यात आली आणि त्यांचे हुकूम सुटले. अव्वल हुकूम हा की जो तो आपल्या जागी निजेल. जागा सोडेल तो फितूर. चादरी, अभ्रे, पडदे, कपडे जेथल्या तेथे पिशवीत भरून तोंड बांधावे, खुले एक फडके घरात फिरू नये. आणि त्या पिशव्या लाँड्रीच्या तप्त यंत्रात अर्धा-पाऊण तास गरगर फिरवाव्या, कारण गनीम पाण्यास भीत नाही, थंडीस भीत नाही, परंतु उष्णतेपुढे त्याचे काही चालत नाही. दादांनी पलंगाचा एकेक स्क्रू सोडविला. आईंनी गादीच्या शिवणी बोटाने उघडून धराव्या आणि ठिणगीबाईंनी तेथे वाफेची नळी न्यावी, सावकाश, गोगलगायीच्या चालीने, ऐसी काकूंची ताकीद; आणि बाईसाहेबांस ही चाल उपजतच अवगत असल्याने त्या कामात त्यांचा हात कोणी धरू शकले नाही. बाबांनी कचरा ओढणारे यंत्र चालवून पिशवी बांधून थेट खाली नेली. फटी बुजविल्या. पलंग भिंतीपासून वीतभर दूर सारिला आणि त्याच्या चार पायांखाली साबणाच्या पाण्याचे चार गुळगुळीत वाडगे ठेवून खंदक खणिले. सिंहासनाची मखमल कात्रीने फाडली, म्हणजे पुन्हा कोणास मोह पडू नये, सर्व प्लास्टिकात बांधिले, आणि ठिणगीबाईंनी मोठ्या अक्षरात लिहून चिकटविले: ढेकूण आहेत, हात लावू नका. खाली सही केली. कचरागाडीवाला ते वाचून म्हणाला, "सही कशाला पोरी?" बाईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या. सवय लागलीय."

आठ दिवस वाडग्यांत रोज सकाळी शवे मोजली. सात, पाच, पाच, दोन, मग शून्य. बाबांनी विजयाची शिटी तोंडात धरली होती, तोच नवव्या दिवशी आजींच्या दंडावर तीन गांधी, एका ओळीत. वाडगे कोरडे नाहीत, पाणी स्वच्छ, मग गनीम चढला कोठून? काकूंस बोलावणे गेले, दादा म्हणाले हे आता उडू लागले, आणि घरात ऐसी घबराट पसरली की आई शिवताना दोरा ओवावयास विसरल्या. ठिणगीबाई जमिनीवर पालथ्या पडल्या आणि पलंगाखालील मुलूख टॉर्चने न्याहाळू लागल्या. पाहतात तो आजींच्या पांघरुणाचा सोगा पलंगावरून थेट फरशीवर लोळतो आहे! खंदक चार, आणि पाचवी शिडी आजींनी स्वहस्ते सोडलेली. अंड्यांतून नव्याने निघालेली पिलावळ तिजवरून आरामात चढत होती.

"आजी! पांघरूण!"

"मला पाय झाकायला लागतं."

"तुझे पाय झाकताना तू त्यांना जिना दिलास गं!"

आजी क्षणभर रुष्ट, मग विचारमग्न, मग ऐशा खदखदून हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. त्या दिवशी आईंनी सोगा कापून काठ शिवला, आणि चौदाव्या दिवशी काकूंची दुसरी स्वारी होऊन वाफेने अंड्यांपासून आजोळापर्यंत सर्व वंश बुडविला. पुढे वाडग्यांत एक दिवस एक, मग काही नाही, मग काही नाही. रोज शाळेत चष्मेवाली बाकाच्या टोकावर बसून विचारी, "आज?" आणि ठिणगीबाई सर्वांदेखत आकडा सांगत, मोठ्याने, जैसा असेल तैसा. नऊ दिवस ओळीने शून्य सांगितले तेव्हा वर्गातील मुलींनी बाक वाजविले.

मग आठवा रविवार उगवला. अकराच्या अकरा आल्या. चष्मेवाली सर्वांत शेवटी आली, पायांत गुडघ्यापर्यंत मोजे, काखेत घरून आणलेला प्लास्टिकचा तुकडा, तो खुर्चीवर अंथरून त्यावर ती काडीसारखी ताठ बसली. पहिला अंक जाहला. आईंच्या कात्रीखालून निघालेले दरबारी झगे चढले, दादांनी तलवार म्हणोन फूटपट्टी पुरविली, लंबूने सेनापतीच्या आवेशात दिवा पाडला, आणि राणीच्या भाषणास खालच्या मजल्यावरून टाळ्या आल्या. तिसऱ्या अंकात प्रधानाने प्रवेश करावयाचा, तो प्रधान कोठे? हाका घातल्या, जबाब नाही. ठिणगीबाई आतल्या खोलीत गेल्या.

पलंगावर, नव्याने काठ शिवलेल्या पांघरुणात, आजींच्या कुशीत, चष्मा नाकाच्या टोकावर आणि तोंड उघडे टाकून चष्मेवाली घोरत होती. एक मोजा निघोन खाली पडला होता. प्लास्टिकचा तुकडा बाहेर खुर्चीवरच होता.

"हळू," आजी कुजबुजल्या. "आत्ताच लागलाय डोळा. दोन वेळा खाजवलं, मग म्हणाली काही नाहीये, आणि झोपली."

राणीने प्रधानास उठविले नाही. दाराशी जमलेल्या नऊ दरबाऱ्यांस व एका सेनापतीस बोट ओठावर ठेवून गप्प केले, आणि तिसरा अंक प्रधानाविना, कुजबुजत, पार पाडिला.

येणेप्रमाणे तिसरा मजला, उजवीकडील दार, येथील ढेकूणशाही समूळ बुडाली. खालसा जाहलेला मुलूख धन्यांच्या ताब्यात आला. शत्रूकडील जिवंत कोणी नाही, आपल्याकडील जखमी पाच, पैकी सर्व बरे. आणि विजयाची तारीख आठवा रविवार, वेळ तिसरा अंक, साक्ष झोपलेल्या प्रधानाची, ऐसी नोंद पक्की करून बखरकाराने टोपण लाविले असे.